धुक्यात दिसलेला बँड

मी सोलापूरची. इंजिनिअरिंग पुण्यात केलं, पहिली नोकरीही तिथेच, आणि मग एक दिवस गुरगावहून बोलावणं आलं. बाबांनी नकाशात गाव शोधलं आणि म्हणाले, "हे तर दिल्लीच आहे की." तसं ते धड दिल्लीही वाटत नव्हतं आणि धड हरियाणाही. मला मिळालेल्या फ्लॅटच्या बाल्कनीतून एका बाजूला काचेच्या उंच इमारती दिसायच्या आणि दुसऱ्या बाजूला मोहरीचं शेत. शेताच्या मधोमध 'लवकरच येत आहे' असा मॉलचा बोर्ड उभा होता. शेतकरी त्या बोर्डाच्या सावलीत बसून भाकरी खायचा.

आमची कंपनी आपोआप चालणाऱ्या गाड्यांसाठी सॉफ्टवेअर लिहायची. गाडी चालवायचं सॉफ्टवेअर दुसरी टीम करायची, आमच्याकडे पाहण्याचं काम होतं. समोर काय आहे, किती लांब आहे, कुठे चाललंय, एवढं गाडीला कळलं पाहिजे. लोकांना हे सांगितलं की ते म्हणत, "म्हणजे कॅमेरा लावायचा ना?" मलाही आधी साधारण तसंच वाटायचं.

पहिल्या दिवशी आमच्या टीम लीडनं मला जवळच्याच मानेसरच्या शेडमध्ये नेलं. ती पुण्याची, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी. मीटिंगमध्ये मी तिला मॅम म्हणायची आणि डबा खाताना ताई. शेडमध्ये एक साधी पांढरी गाडी उभी होती, टपावर डब्यासारखं काहीतरी गरगर फिरत होतं. ताईनं मला गाडीसमोर उभं केलं आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. काळ्या पडद्यावर हजारो बारीक ठिपके होते. शेडच्या भिंती, खांब, कोपऱ्यातली शिडी, सगळं ठिपक्यांचं. आणि मधे एक माणूस.

"हात हलव," ताई म्हणाली.

मी हात हलवला. ठिपक्यांच्या माणसानंही हलवला. मी ओढणी सारखी केली, तर ओढणीची कडसुद्धा ठिपक्यांची होऊन हलली. चेहरा नव्हता, रंग नव्हता, तरी ती मीच होते. खांदे थोडे पुढे आलेले, आई लहानपणापासून ज्यावरून ओरडायची ते. मी किती वेळ तशीच उभी होते कोण जाणे. शेवटी ताई हसून म्हणाली, "पहिल्या दिवशी सगळे असेच उभे राहतात. चल, चहा घेऊ."

पुढचं वर्षभर मी त्या ठिपक्यांत राहिले. गाडीला कळायला हवं होतं की उसाची ट्रॉली आणि तिच्यावर बसलेली माणसं हे एकच वाहन आहे. स्कूटरवर उभा धरलेला आरसा म्हणजे रस्ता नव्हे. रस्त्यात बसलेली गाय दगड नाही, आणि ती उठेलही. माझी सहा महिन्यांची भाची खिडकीतल्या पडद्यामागे गेलेल्या मांजरीची वाट बघत बसते, हे मला त्या दिवसांत व्हिडिओ कॉलवर दिसलं. आम्ही पाचजण त्याच गोष्टीसाठी, बसमागे गेलेला माणूस गाडीनं विसरू नये म्हणून, आठवडेच्या आठवडे झटत होतो. मी कॉल संपल्यावरही फोन हातात धरून बसले होते.

माझ्याकडे नंतर रडारचं काम आलं. रडार लहरी पाठवतं आणि कशावर तरी आपटून त्या परत आल्या की अंतर आणि वेग सांगतं. हलणाऱ्या गोष्टी त्याला छान कळतात. थांबलेल्या गोष्टींचा मात्र घोटाळा. पाट्या, कठडे, पुलाचे गर्डर, कडेला पडलेला पत्र्याचा डबा, सगळंच थांबलेलं असतं आणि सगळंच ओरडतं. शिवाय आमच्या रडारला उंची कळत नसे, त्यामुळे डोक्यावरची पाटी आणि समोरचा ट्रक त्याला सारखेच. प्रत्येक पाटीला घाबरून गाडी ब्रेक मारू लागली तर मागचा येऊन ठोकेल. म्हणून थांबलेलं सगळं गाळायचं, असा नियम होता. ताईचाच नियम, आणि शहाणपणाचा. मी फक्त माझ्या स्क्रीनवर ते गाळलेले ठिपके करड्या रंगात दिसतील अशी सोय करून ठेवली होती. हलणारं हिरवं, थांबलेलं करडं. काही उपयोगाचं म्हणून नव्हे. ते असतात कुठे, एवढं बघायचं होतं.

जानेवारीत आम्हाला धुकं हवं होतं. उत्तरेतलं धुकं ज्यानं पाहिलं नाही त्याला ते सांगणं कठीण. आपल्याकडे घाटात ढग उतरतो तसं ते नसतं. ते वारा नसलेलं, जड, जमिनीवर बसलेलं असतं. सकाळी बाल्कनीत गेलं की मोहरीचं शेत नाही, मॉलचा बोर्ड नाही, खालचे मजलेही नाहीत. अशा सकाळी गाडीला काय दिसतं याचं रेकॉर्डिंग करायला आम्ही पानिपतच्या रस्त्याला जायचो. बाबांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "पानिपतला? जपून गं. आपल्या माणसांना ते गाव लाभत नाही."

गाडी चालवायला आमचे अंकल असत. सोनिपतकडचे, पन्नाशीचे, गळ्यात लोकरी मफलर. रेकॉर्डिंगच्या वेळी गाडी माणूसच चालवतो, सॉफ्टवेअर नुसतं बघत असतं. अंकल पुढे, मी मागच्या सीटवर स्क्रीन घेऊन.

त्या दिवशी उजाडलं होतं, पण उजाडल्याचा उपयोग नव्हता. काळ्याऐवजी पांढरं झालं होतं इतकंच. अंकल सायकलपेक्षा थोड्याच जास्त वेगानं चालले होते, काच थोडी खाली करून. कॅमेऱ्याच्या चौकटीत दुधासारखा कोरा पडदा. टपावरच्या फिरत्या डब्यातल्या लेझरचे ठिपके धुक्याच्याच थेंबांवर आपटून गाडीभोवती गोळा झाले होते, जणू आम्ही कापसाच्या गाठोड्यात बसलोय. फक्त रडारचं चित्र शांत होतं. डावीकडे कठड्याची करडी रांग, उजवीकडे दुभाजकाची, मधे रिकामा रस्ता.

मग त्या रिकाम्या रस्त्यात एक करडा पुंजका आला.

पाटी असेल, मला वाटलं. त्या रस्त्यावर डोक्यावरून जाणाऱ्या पाट्या खूप. मी तो बघत होते. जवळ येत होता. आणि मग त्याच्या शेजारी एक हिरवा ठिपका लुकलुकला आणि विझला. मग दुसरा. मग चार-पाच, काजव्यांसारखे.

डोक्यावरच्या पाटीशेजारी कोण चालेल?

"अंकल, रोको! सामने लोग हैं!"

अंकलनी काचेतून पाहिलं. समोर काही नव्हतं. मलाही दिसत नव्हतं. "कहाँ, मैडम?" असं ते विचारतच होते, पण पाय ब्रेकवर गेला होता. गाडी थांबली. आम्ही दोघं पांढऱ्याकडे बघत राहिलो. मग अंकलनी तिला हळूच पुढे सरकवलं, आणि धुक्यातून आधी एक गंजकी शिडी आली, मग बसची मागची काच, मग तिच्यावर रंगवलेली दोन मोरपिसं. एकही दिवा नाही. बस मधल्या लेनमध्ये मुडद्यासारखी उभी होती.

अंकलनी स्टिअरिंगवरचे हात उचलले. त्यांनी मागे वळून माझ्याकडे नाही, स्क्रीनकडे पाहिलं. "इसको दिख गया," ते म्हणाले. देवळात बोलतात तशा आवाजात.

बसभोवती लाल कोट घातलेली माणसं होती. सोनेरी गोंडे, पांढरे पट्टे, डोक्यावर तुरे. एका लग्नात वाजवून परत निघालेला बँड. बसची वायरिंग जळली होती, ब्रेक जाम झाले होते, आणि दहाबारा जणांनी ढकलूनही ती हलत नव्हती. मागून कधीही ट्रक येईल, हे त्यांनाही कळत होतं.

अंकलनी आमची गाडी बसला वळसा घालून पुढे, कठडा तुटला होता तिथून बाहेरच्या कच्च्या पट्टीवर नेली, हायवेच्या मदतीला फोन केला आणि डिकीतला लाल त्रिकोण घेऊन मागे धावले. चार पावलांवर त्रिकोणही दिसेना. कोणी मोबाईलचे टॉर्च लावले. धुक्यानं तेही पिऊन टाकले.

बँडचा मास्टर म्हातारा होता, मिशा काळ्या कुळकुळीत रंगवलेल्या. तो त्रिकोणाच्या दिशेला बघत उभा होता. मग त्यानं बसच्या दारात थाप मारली. "बाजे निकालो! सब रेलिंग के पार! चलो, पीछे तक!"

ती माणसं कठड्याच्या पलीकडून मागे मागे चालत गेली आणि वाजवू लागली. ढोल, ताशा, तुतारीसारखी लांब पितळी वाद्यं, आणि अंगाभोवती गुंडाळलेला एक प्रचंड भोंगा. कुठलं गाणं ते मला कळलं नाही. बहुधा प्रत्येकजण वेगळंच वाजवत होता. पण धुक्यात ट्रकवाले काच खाली ठेवून चालवतात, डोळे चालत नाहीत म्हणून कान लावून. हे बँडवाल्यांना ठाऊक होतं.

आमच्या गाडीच्या मागच्या कोपऱ्यांतही रडार होती. मी दार उघडं ठेवून स्क्रीन मांडीवर घेतली. एक हिरवा ठिपका झपाट्यानं जवळ येताना दिसला.

"आ रहा है!" मी ओरडले. अंकलनी ते पुढे ओरडून दिलं, कोणीतरी आणखी पुढे. ढोल दुप्पट झाला. आणि माझ्या समोर त्या ठिपक्याचा वेग कमी झाला. आणखी कमी. मग तो जवळजवळ थांबला आणि बाजूच्या लेनमध्ये सरकला. थोड्या वेळानं धुक्यातून एक ट्रक आला, ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढलेलं, तोंड उघडं. हायवेवर सकाळी सकाळी वरात कुठून आली, हे त्याला समजत नव्हतं. त्यानं बस पाहिली, लाल कोट पाहिले आणि हात जोडले.

असे किती आले ते मी मोजलं नाही. मधे शांतता झाली की ते दम घ्यायचे, थंडीनं बधिर झालेले ओठ चोळायचे. मी ओरडले की पुन्हा उभे. एक टँकर उशिरा समजल्यामुळे आडवा घसरला आणि बसच्या मोरपिसांपासून हातभर अंतरावर थांबला. त्यानंतर ढोलवाला तोल जाईपर्यंत वाजवत होता. मला दिसत होतं ते त्यांना दिसत नव्हतं, आणि त्यांना जे करता येत होतं ते माझ्या कुठल्याच मशीनला येत नव्हतं. मी आयुष्यात इतकी जागी कधी नव्हते.

क्रेन आली, बस बाजूला ओढली गेली. कोणालाही खरचटलंसुद्धा नाही.

जवळच्या ढाब्यावर आम्ही सगळे शेकोटीभोवती बसलो. मास्टर माझ्यापाशी आला. "बेटी, आपने हमें देखा कैसे?"

मी स्क्रीन आणली आणि रेकॉर्डिंग मागे नेलं. करडा पुंजका, हिरवे ठिपके. "ये बस. और ये आप लोग."

तो वाकून बघत राहिला. "इनमें मैं कौन-सा?"

मला सांगता येईना. मग तो म्हणाला की तो तेव्हा दारापासून मागच्या चाकापर्यंत येरझाऱ्या घालत होता. मी पुन्हा लावलं. एक ठिपका येत होता, जात होता. "ये," मी म्हणाले. त्यानं त्या ठिपक्याला बोट लावलं आणि लगेच काढून घेतलं, जणू चटका बसला.

"और बाजा दिखता है?"

मी नंतरचा भाग लावला. कठड्यामागे ठिपक्यांची रांग होती, बहुतेक फिकट. एक मात्र भडक. पितळ रडारला फार आवडतं, त्याच्यावरून लहरी जोरात परत येतात. मी तसं सांगितलं. मास्टरनं हाक मारली आणि मोठ्या भोंग्याचा वादक, एक जाडगेला लाजाळू माणूस, चहाचा ग्लास घेऊन आला. "देख," मास्टर म्हणाला, "सबसे ज़्यादा तू चमक रहा है." मग एकेक जण येऊन बघून गेला.

ऑफिसात ते रेकॉर्डिंग लावलं तेव्हा टीम आधी हसत होती, कारण मी बँड म्हटलं होतं. पुंजका जवळ येऊ लागला तसं हसणं थांबलं. गाळणी लावून तेच पुन्हा दाखवलं. रस्ता मोकळा. नुसते चार-पाच हिरवे ठिपके हवेत तरंगत होते, आणि तेही इतके क्षीण की गाडीनं मनावर घेतले नसते.

ताईनं रेकॉर्डिंग मागे नेऊन पुन्हा एकदा बघितलं. मग म्हणाली, "माझा नियम चुकीचा नव्हता गं."

"नव्हताच, ताई." मीटिंग असूनही माझ्या तोंडून ताई गेलं.

"पण पुरत नाही." ती उठून फळ्याकडे गेली आणि जुनं सगळं पुसलं.

थांबलेल्या गोष्टीवर कधी विश्वास ठेवायचा, हे गाडीला शिकवायला आम्हाला पुढचे दोन हिवाळे लागले. शेजारी काही हलतंय का, ते रस्त्यातून कधी आलं, कधी थांबलं, सगळं बघावं लागलं. तरी ते पूर्ण झालं असं मी आजही म्हणणार नाही. पण दुसऱ्या हिवाळ्याच्या शेवटी, मानेसरच्या बंद ट्रॅकवर, कृत्रिम धुराच्या भिंतीत आम्ही एक बंद पडलेला टेम्पो उभा केला. अंकल ड्रायव्हरच्या सीटवर होते, हात मांडीवर. गाडी आपली आपण धुरात शिरली, हळू झाली आणि थांबली.

अंकल उतरले, पुढे गेले आणि टेम्पोपर्यंतचं अंतर पावलांनी मोजून आले. मग गाडीच्या बॉनेटवर, घोड्याच्या मानेवर ठेवावा तसा, हात ठेवून उभे राहिले. धूर विरेपर्यंत त्यांनी तो काढला नाही.