टाकीवाला कॉम्प्रेसर आणि खालचे शेजारी

सर्जापूर रोडच्या आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर बेळगावकडचे एक गृहस्थ राहतात. विमानांची चिमुकली मॉडेलं रंगवणं हा त्यांचा छंद. काहीही विचारा, मान तिरकी करून आधी "स्वल्प थांबा, अक्का" म्हणणार, आणि खरंच थांबायला लावणार.

यंदा माझा हात इतका थरथरायला लागला, की दसऱ्याला इकडे घरोघरी मांडतात त्या मातीच्या बाहुल्या रंगवणं मी सोडणारच होते. ते म्हणाले, "सोडताय कशाला? एअरब्रश घ्या, हवेनं रंग फवारणारा. हात जरा हलला तरी रंग मऊ बसतोय."

मी मोबाइलवर सगळ्यात स्वस्त, पेनाएवढा संच दाखवला.

"स्वल्प थांबा. ब्रश साधा चालतंय, पण कॉम्प्रेसर टाकीवालाच घ्या. नाहीतर हवा धक्के देत येते, बाहुलीच्या गालावर देवीचे वण उठतील!"

"आणि आवाज? खाली तुमची आई दुपारची झोपते ना?"

तर ते स्वतःचा कॉम्प्रेसर उचलून वर घेऊन आले, माझ्या खोलीत चालू केला आणि खाली जाऊन आईच्या उशाशी बसले. थोड्या वेळानं फोन आला, "घ्या, अक्का. आई घोरतेय."

मग तसलाच घेतला. दसऱ्याला बघायला आलेल्या बायका विचारायला लागल्या, "गाल किती गोड! कुठून आणल्या बाहुल्या?" मी तोंड उघडायच्या आत मागून आमचे शेजारी म्हणाले, "आणल्या नाहीत. आमच्या अक्कांच्या हातचं काम आहे ते."

पदराआड धरलेला तो हात मी बाहेर काढला आणि सगळ्यांना खिरापत वाटली.