पाहुणं घड्याळ

अभयचं घड्याळ घरी आणलं त्या रविवारपासून गुणाजी परबांना चैन नव्हतं.

दादरच्या एका हॉटेलात दर रविवारी सकाळी चार घड्याळवेडे दोस्त जमत. बॅटरीच्या घड्याळाला त्या टेबलावर मान नव्हता. भिंगातून एकमेकांची घड्याळं न्याहाळायची, चहा गार होईपर्यंत भांडायचं आणि उठताना एकाने आपलं घड्याळ दुसऱ्याला आठवडाभर घालायला द्यायचं, हा त्यांचा रिवाज. महापालिकेतून निवृत्त झालेल्या गुणाजींची स्वतःची घड्याळं साधीच, पण बोलायला पहिला नंबर. "काटे रात्रीच्या नऊ ते तीनमध्ये असले की तारीख फिरवायची नाही, आतले दाते तुटतात," हे त्यांनी हॉटेलच्या वेटरलासुद्धा पढवलं होतं.

आणि आता त्या चौघांतल्या अभयने चक्क त्याच्या दिवंगत वडिलांचं स्विस घड्याळ दिलं. हाताच्या हालचालीवर चालणारं. गुणाजींना लालबागच्या चाळीत जिथे तिथे ओरखडाच दिसू लागला. दाराची कडी, नळाची तोटी, जिन्यातली गर्दी! त्यांनी ते घड्याळ लोखंडी कपाटात ठेवलं आणि कुलूप दोनदा ओढून पाहिलं.

हात मिळाला नाही तर ते बिचारं चालणार कसं? शनिवारी सकाळी कपाट उघडलं, तर काटे साडेदहावर थांबलेले आणि तारीख मंगळवारची. आपण घातलंच नाही हे अभयला कळणार, या धास्तीने त्यांनी घड्याळाची चावी ओढली आणि काटे तिथेच ठेवून तारीख फिरवली. आतून कट्ट असा आवाज आला. छोट्या खिडकीत दोन आकडे अर्धे अर्धे अडकून बसले.

गुणाजी मटकन खाटेवर बसले. चाळीत बरोबरीचं कोणी उरलं नव्हतं. रविवारचं ते टेबल गेलं तर बोलायचं कोणाशी?

"तोंड कित्याक उतरलाहा?" त्यांच्या बायकोने, गंगुबाईंनी विचारलं. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "त्येनी घालूक दिल्यानी, आणि तुमी ता कपाटात कोंडलास?"

रविवारी गुणाजी हॉटेलात शिरले. सबबी तीन तयार होत्या, पण अभयने हात पुढे करताच त्यांनी घड्याळ त्याच्या तळहातावर ठेवलं. "बिघडवलं रे मी. घातलंच नाही. बंद पडलं, म्हणून तारीख फिरवली."

"साडेदहावर?" काटे पाहून अभयचा विश्वास बसेना. "तू?"

कोणी हसलं नाही, हेच गुणाजींना जास्त लागलं. अभयने भिंग डोळ्याला लावून खिडकीतले अडकलेले आकडे पाहिले.

"तारीख दुरुस्त होईल, काटे अजून चालतील," तो म्हणाला. "पण बाबा गेल्यापासून हे ड्रॉवरमध्येच पडून होतं रे. माझ्याच्याने घालवत नाही. म्हणून तुला दिलं, कोणाच्या तरी हातावर चालेल म्हणून. आणि तू पण कोंडूनच ठेवलंस!"

गुणाजींनी मान खाली घातली. मग न विचारता डावी बाही वर सारली आणि मनगट पुढे केलं. अभयने पट्टा आवळला.

दादरच्या फुलबाजारातल्या गर्दीतून परतताना त्यांना पुन्हा ओरखडे दिसू लागले. घड्याळ लपवायला डावा हात सारखा खिशाकडे जात होता. पण लोक वळून बघतील इतका तो हात झुलवत गुणाजी लालबागपर्यंत चालत गेले.