शेवटचं रीळ न आलेला सिनेमा

भुताचा सिनेमा टिकतो किती? मला विचाराल तर गोंदियात दोन आठवडे आणि आमगावात चार वर्षं. सिनेमा मात्र एकच. असं कसं झालं, याचा विचार मी अजून करते.

स्वातंत्र्याला तीन-चार वर्षं झाली असतील. आमगावला बाजाराच्या जागेत टुरिंग टॉकीजचा तंबू लागला होता. रिळांच्या पेट्या गोंदियाहून पॅसेंजर गाडीने यायच्या, त्यातली शेवटची त्या दिवशी आलीच नाही. टॉकीजवाला पक्का, त्याने कोणाला पत्ता लागू दिला नाही. पांढऱ्या लुगड्यातली बाई कंदील घेऊन हवेलीच्या विहिरीकडे निघते, ती जाईल तिथली दारं धाडधाड लागतात, इथवर दाखवलं आणि खेळ सुटताना वाजवायची रेकॉर्ड लावून तो मोकळा झाला. लोकांनी चटया झटकल्या. आम्हाला वाटलं, सिनेमा एवढाच. म्हणजे ती बाई अजून चालतेच आहे!

पण सिनेमा खरा जगवला माझ्या आत्याने. आत्या विधवा, तिशीतली, माहेरी परत आलेली. घरात तिला दोन वेळचं जेवण होतं, पण विचारत कोणी नव्हतं. आई तिच्याशी कामापुरतं बोलायची. रोवणीत मात्र आत्याचा थाट बघावा. बाया चिखलात वाकून धानाची रोपं लावायच्या आणि ती सिनेमा सांगायची. कंदील विझायच्या जागी आली की मुद्दाम रोपांची नवी पेंढी सोडत बसायची.

"सांग ना व, कायले जीव घेऊन राहिली?" मागून कोणीतरी म्हणायचंच.

गावभर रोवणी एकदमच निघते, बाया मिळता मिळत नाहीत. आमच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, मात्र त्या सगळ्यांत आधी यायच्या, केवळ आत्यासाठी. बाबांना हे ठाऊक होतं, आईलाही. त्या दिवसांत आई तिला हाक मारून जेवायला बसवायची. वर्षातले तेवढेच दिवस.

पुढे मी शिकायला गोंदियाला मामाकडे गेले आणि मला शिंगं फुटली. तिथे तोच सिनेमा पुन्हा लागला होता. मी शेवटच्या रिळासकट पाहिला आणि अस्सा राग आला! भूतबीत काही नाही. ती हवेलीतल्याच धाकट्या भावाची विधवा. तिचा हिस्सा गिळायला घरच्यांनी ती मेली म्हणून उठवलं होतं. मग पोलीस आले, नायक-नायिकेचं गाणं झालं, लोक जांभया देत उठले. भीतीला उत्तर मिळालं आणि बाहेर पानठेल्यावर पोचेपर्यंत लोक सिनेमा विसरलेसुद्धा. आमगावात तो चार वर्षं का टिकला, ते कोडं सुटलं असं मला वाटलं.

रोवणीच्या रविवारी घरी आले तर बांधीत आत्या रंगात आलेली. मला कुठला दम धरवतो. मी बांधावरूनच सगळा शेवट सांगून टाकला.

"हात् बाप्पा, जितीच होती का?" एक बाई हसली. "आपुन फुकटच भेऊन राहिलो होतो." सगळ्याच हसल्या आणि कोणाच्या तरी म्हशीचं बोलू लागल्या. आत्याकडे कोणी बघितलं नाही. तेव्हा कुठे मला कळलं, मी काय करून बसले ते. पुढच्या वर्षी बाया आमच्याकडे आधी कशाला येतील? आणि नाही आल्या तर आत्याला कोण विचारेल? शहाणपणा करायला कोणी सांगितला होता मला?

आत्या एक अख्खी ओळ लावत गेली. मग मान वर न करता म्हणाली, "जिती होती, त दारं काऊन लावून घेत होते व तिले पाहून?"

बाया वळून आत्याकडे बघू लागल्या. आई पलीकडच्याच ओळीत होती, ती मात्र वाकलेलीच राहिली. चार वर्षं ऐकलेल्या त्या सिनेमाची अशी भीती मला कधी वाटली नव्हती.

बायांमधली सगळ्यात म्हातारी म्हणाली, "पयल्यापासून सांग व."

आत्याने पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी ती पेंढी सोडायला कुठे थांबली नाही. अर्ध्यावर आई म्हणाली, "पुरे झालं आता."

आत्या सांगत राहिली.