बिस्किटी सापाचं घराणं

घरात साप पाळले की पाहुणे कमी होतात आणि किस्से वाढतात. मी म्हणते, सौदा वाईट नाही! पाहुणे चहा पिऊन निघून जातात, किस्से मुक्कामाला राहतात.

आमची कंपनी तिघांची. मी सांगलीत, विश्रामबागेत राहते. शिक्षण सातवी, वय विचारू नये. दुसऱ्या देशपांडे बाई, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतात. तिसरे निकम सुभेदार, फौजेतून रिटायर होऊन कोरेगावला ऊस आणि साप दोन्ही सांभाळतात.

साप म्हणजे आपले नाग-घोणस नव्हेत हं! ते पाळणं गुन्हा आहे, आणि असायलाच हवा. आमचे कॉर्न स्नेक. मूळचे अमेरिकेतले, बिनविषारी, पिढ्यान्‌पिढ्या पेटीतच जन्मलेले. अंगावर कुंकवासारखे तांबडे ठिपके आणि प्रत्येक ठिपक्याला काळीभोर किनार.

*

माझ्याकडे ते आले कसे, तर मुलगा बंगळूरला नोकरीला निघाला. जाताना काचेची पेटी माझ्या शिवणयंत्राशेजारी ठेवली. आत एक नर, एक मादी. म्हणाला, "आई, आठच दिवस सांभाळ."

ते आठ दिवस अजून संपायचेत!

परवा फोनवर विचारत होता, "आई, त्रास नाही ना होत त्यांचा?"

म्हटलं, "तुझ्यापेक्षा बरे आहेत. वाढलेलं मुकाट गिळतात."

*

परदेशी प्राणी घरात असला की सरकारदरबारी नोंद करावी लागते. गेले ऑफिसात. खुर्चीवरचा साहेब तरुण, पण मान वर करायला तयार नाही. कागद बघून एकेक विचारत होता.

"प्राणी?"

"साप."

"संख्या?"

"दोन."

"विषारी?"

"कोण? साप की मी?"

तेव्हा कुठं मान वर झाली! मग खुर्ची मिळाली, पाणी मिळालं, फॉर्मही त्यानंच भरून दिला. निघताना हळूच म्हणाला, "आजी, एकदा बघायला येऊ का?" येतो अजून अधूनमधून. गुणाचा पोरगा आहे.

*

नागपंचमीला शेजारची सुमन वाटीभर दूध आणि लाह्या घेऊन दारात उभी. "आक्का, जरा दर्शन द्या की."

म्हटलं, "सुमन, हा अमेरिकेचा. दूध पीत नाही. आपलाही पीत नाही, ते सोड. उंदीर आणला असशील तर आत ये."

दूध मीच प्यायले. लाह्यांचा चिवडा केला, तो तिच्याकडे पाठवला. ती म्हणाली, "प्रसाद बरा झालाय हो!"

*

आता खरी गोष्ट. एका वर्षी मादीनं चौदा अंडी घातली. बारा पिल्लं आईबापांसारखी, आणि दोन भलतीच. काळी किनार पार विरलेली, तांबडा रंग भुरका पडलेला. सुभेदारांनी वाकून पाहिलं. "आक्का, ही तर चहात बुडवल्याली बिस्किटं!" झालं, नाव पडलं बिस्किटी. दोन्ही माद्या निघाल्या. थोरली आणि धाकटी.

साध्या आईबापांच्या पोटी असा रंग कुठून आला? मला काही केल्या करमेना. रद्दीवाल्याकडून बारावीचं जीवशास्त्राचं पुस्तक आणलं, बाईंकडून डिक्शनरी आणली, आणि जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर चौकोन आखत बसले. आईचा एक गुण, बापाचा एक गुण. दोघांनी एकेक लपवलेला दिला तरच तो बाहेर दिसतो. दोन महिने लागले, पण उमगलं.

मुलगा म्हणाला, "आई, या वयात कशाला?"

म्हटलं, "मग कोणत्या? त्या वयात तुला शाळेत सोडत होते."

*

बाईंकडेही एक फिकट नर होता. त्याचा रंग फिका करणारा गुण पुस्तकात नोंदलेला, ओळखीचा. बाई म्हणाल्या, "आक्का, तुमच्या बिस्किटीत तोच गुण आहे. नवीन काही नाही."

मी म्हटलं, "वेगळा आहे. माझ्या डोळ्यांना दिसतंय."

"डोळ्यांना दिसून चालत नाही आक्का, सिद्ध व्हावं लागतं."

ते शब्द मला लागले. पण बाई सरळ माणूस. त्यांनीच पुढं सांगितलं, की सिद्ध झालं तर विज्ञानाच्या पत्रिकेत टिपण देऊ, आणि पहिलं नाव तुमचं घालू. सातवी पास बाईचं नाव! खोटं कशाला बोलू, त्या दिवशी दोन घास कमी गेले.

पारख सोपी होती. माझी मादी, बाईंचा नर. सुभेदारांना मी स्वयंपाकाच्या भाषेत सांगितलं. "एकीच्या घरी मीठ संपलंय आणि दुसरीच्या घरी तिखट, तर दोघींनी मिळून केलेली आमटी फक्कड होते. पण दोघींकडं मीठच नसेल, तर आमटी अळणीच. तसं, दोघांत खोट एकच असेल तर सगळी पिल्लं फिकी. वेगवेगळी असेल तर सगळी साधी, काळ्या किनारीची."

सुभेदार म्हणाले, "म्हंजी साधी निघाली की तुमी जिकलासा?"

"जिंकले!"

"लय भारी! आमच्याकडं साधी निघाली की हारल्यावानी वाटतं."

*

तीन वर्षं थोरलीला वाढवलं. जोडी लावायच्या आधी घरात फरशी बसवायची होती, म्हणून पंधरा दिवस तिला कोरेगावला सुभेदारांकडं ठेवलं. धाकटी बाईंकडं. परत आणली, बाईंच्या नराबरोबर सोडली. अंडी आली, पिल्लं फुटली. पहिली कात टाकेपर्यंत पिल्लाचा रंग खरा धरायचा नाही, हा आमचा नियम. कात पडली. अकराच्या अकरा साधी! किनारी कशा, काजळ घातल्यासारख्या!

मी टाळ्या वाजवल्या. बाईंनी वही उघडली आणि माझं नाव लिहिलं. मी चष्मा पुसून ते दोनदा वाचलं.

तेवढ्यात सुभेदार पेटीत वाकले आणि कौतुकानं म्हणाले, "वा! सगळी आमच्या पैलवानावर गेल्यात!"

बाईंचं पेन थांबलं. पैलवान म्हणजे सुभेदारांचा साधा नर.

"सुभेदार," मी म्हटलं, "पैलवानाचा इथं काय संबंध?"

"आवं, पेट्या चार आन् साप पाच! फौजेत एका तंबूत आठ जण झोपायचो आमी. मग म्या थोरलीला पैलवानाच्या पेटीत ॲडजस्ट केलं. लय गुण्यागोविंदानं ऱ्हायली!"

सापाच्या मादीचं असं असतं, की एकदा नराशी संग झाला की त्याचं बीज ती महिनोन्‌महिने पोटात सांभाळते. आता ही अकरा पिल्लं बाईंच्या नराची की पैलवानाची, कोण सांगणार?

बाई हळूच म्हणाल्या, "आक्का, हे आपल्या तिघांनाच माहीत आहे..."

मी म्हटलं, "तिघं म्हणजे थोडी झाली का? फाडा ते पान."

त्यांनी फाडलं. सुभेदारांना तेव्हा कळलं काय झालं ते. एवढा उमदा गडी, चहा न घेताच कोरेगावला निघून गेला.

चार दिवसांनी पोस्टानं पाकीट आलं. आत लेखी खुलासा! 'मी खाली सही करणार, माजी सुभेदार निकम, कबूल करतो की जागेच्या टंचाईमुळं माझ्याकडून गंभीर चूक झाली. आक्का देतील ती शिक्षा मान्य.'

मी उलटटपाली कळवलं, 'शिक्षा माफ. रविवारी जेवायला या.'

आले. पण उंबऱ्याच्या आत पाऊल टाकेनात! "धाकटीचं पार पडूस्तवर आत येनार न्हाई. परत संशय नगं." वर्षभर दर रविवारी कोरेगावहून यायचे आणि बाहेर पायरीवर बसून चहा प्यायचे. मी रागावले, बाईंनी समजावलं. ऐकतोय कोण! पावसात छत्री उघडून बसले, पण आत आले नाहीत.

*

धाकटीला एकही नर लागलेला नव्हता. ती आधी बाईंकडं एकटी होती, मग माझ्याकडं एकटी. पेटीला मी कुलूप घातलं होतं. तिची आणि बाईंच्या नराची जोडी लावली, तेरा अंडी आली, तेराही फुटली. बाई कॉलेज बुडवून आल्या, आणि रविवार नसूनही सुभेदार पायरीवर हजर. शेवटच्या पिल्लाची कात पडली, तसं त्यांनी एकेक हातावर घेऊन खिडकीच्या उजेडात धरलं. मी बोटांवर मोजत होते.

तेराच्या तेरा साधी. काळ्या किनारीची.

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी बाईंकडं पाहिलं. आणि मग आम्ही दोघींनी एकदमच मान वळवून पायरीकडं पाहिलं!

सुभेदार ताडकन उठून उभे राहिले. "आईशप्पत आक्का! पैलवान कोरेगावात हाय! वर्सभर म्या तिचं त्वांडबी बघितलं न्हाई!"

बाई हसतहसतच खाली बसल्या आणि वही उघडली. माझे डोळे भरलेले, तसंच म्हटलं, "अहो सुभेदार, या आता आत."

"न्हाई आक्का. बाईंनी आदी तुमचं नाव लिवू द्या," ते पायरीवरूनच म्हणाले. "शाई वाळली की येतो."