खिंडीतला थांबा

कास्सियान राफाइनर आल्प्समधल्या श्नाल्स खोऱ्यातला. मेंढका म्हणून जन्मला, मेंढका म्हणूनच म्हातारा झाला. दर जूनला गावाच्या पंधराशे मेंढ्या बर्फाची खिंड ओलांडून पलीकडच्या कुरणांत न्यायच्या आणि सप्टेंबरात परत आणायच्या, एवढंच त्याचं आयुष्य. कुरणं आज्यापणज्यांची. पहिल्या महायुद्धानंतर कुणीतरी नकाशावर रेघ मारली. जर्मन बोलणारं गाव इटलीत गेलं, कुरणं ऑस्ट्रियात राहिली. मेंढ्यांना कुणी विचारलं नाही, माणसांनाही नाही.

खिंडीतल्या सीमेच्या दगडापाशी इटलीचा नाकेदार कळप मोजायचा. शेवटची अठरा वर्षं तिथं एफिसिओ होता. सार्डिनिया बेटावरचा, स्वतः मेंढक्याचाच पोर. त्याची मोजायची तऱ्हा न्यारी. मेंढीला तिचं कोकरू सापडून ते थानाला लागेस्तोवर तो तिला पुढं सोडायचा नाही. तोवर कास्सियान मीठ टाकून कळप धरून ठेवी आणि शिव्या घाली.

"रोमला आमच्या कोकरांचा एवढा कसला पुळका रे?" एकदा तो तणतणला.

"रोम मला पण लांबच आहे, गड्या," एफिसिओ मोडक्या जर्मनमध्ये म्हणाला. "आमच्या बेटावरनं तर दिसत पण नाही."

कास्सियान हसला नाही. वर्दीवाल्याशी हसणं गावाला खपत नसे. त्यात तो गावच्या नेमबाज पथकातला. टोपीत पीस खोचून, रेघेनं दुभंगण्याआधीच्या जुन्या, अखंड तिरोल मुलखाच्या नावानं मिरवणुकीत चालणारा.

अठ्ठ्याण्णव साली सीमेवरची तपासणी उठली. एफिसिओ बेटावर परतला. पथकाचा कप्तान विगिल ग्योट्श, त्याला आभाळ ठेंगणं झालं.

"रोमनं रेघ मारली, ब्रसेल्सनं पुसली," तो म्हणाला. "आता इकडं आपण, तिकडं आपलेच भाऊ, आणि वर युरोप. मधे कुणाची लुडबुड नाही. कास्सियान, यंदा त्या दगडापाशी एक खूरसुद्धा थांबता कामा नये. टीव्हीवाला येतोय."

"थांबतोय कोण!" कास्सियान म्हणाला. त्याच्या मनातलंच होतं ते.

कळप खिंडीवर पोचला तेव्हा पश्चिमेकडून ढग चढत होते. दगडापलीकडं विगिल झेंडा घेऊन उभा, शेजारी कॅमेरा. पुढची म्हातारी मेंढी सवयीनं दगडापाशी थबकली. कास्सियाननं काठी उगारली, आणि त्याला तो आवाज ऐकू आला. कळपभर मेंढ्या माना मागं वळवून कोकरांना हाका मारत होत्या. पुढचा उतार बर्फाचा, वरनं गुळगुळीत, पोटात भेगा. कोकरू मागं राहिलेली मेंढी अर्ध्या उतारावरनं उलटी फिरते, आणि जाताना दहाजणींना घेऊन भेगेत जाते. अठरा वर्षं दगडावरनं पुढं निघताना ही हाक त्यानं ऐकली नव्हती. इथनं निघेपर्यंत कोकरं थानाला लागलेली असत.

त्यानं काठी खाली केली आणि मिठाची पिशवी सोडली.

"अरे, काय चाललंय?" विगिल ओरडला. "रोमसाठी थांबलास काय?"

"रोमला ना थान, ना लोकर. कोकरांसाठी थांबलोय."

"अख्खा तिरोल बघतोय, लेका!"

"मग जरा बसून बघा म्हणावं. घाई कुणाला आहे?"

तास गेला. टीव्हीवाला ढगांना भिऊन उतरून गेला. शेवटी खालच्या अंगानं, पोटापर्यंत बर्फात रुतत, तीन कोकरं वर आली. त्यांच्या आया धावत गेल्या. मग कास्सियान हलला. संध्याकाळच्या आत सगळा कळप गवताला लागला.

शरदात मेंढीमालकांची बैठक भरली. कास्सियान उठून म्हणाला, "दगडापाशी तासभर थांबायचं. दरसाल. नसेल पटत तर ही काठी घ्या आणि दुसरा मेंढका बघा."

"म्हणजे सीमा राहिलीच की!" विगिल उसळला. "एवढं झगडलो ते कशासाठी?"

"तुला तिथं सीमा दिसते, मला दम खायची जागा. नाव तू ठेव, कोकरं मी आणतो."

कुणीतरी खोकलं. मग एकेक हात वर गेला. विगिलचे दोन्ही हात खिशातच राहिले.

कास्सियाननं त्यानंतर अकरा वर्षं कळप नेला. पथकानं त्याला पुन्हा बोलावलं नाही. मिरवणुकीच्या दिवशी तो घरापुढच्या बाकड्यावर लोकर कापायची कात्री पाजळत बसे. ढोल जवळ आले की मान वर करी, ओळखीच्या टोप्या बघे, आणि पुन्हा कामाला लागे.