अव्वासाठी घेतलेला लॅपटॉप

गडहिंग्लजच्या एसटी स्टँडवर बस लागली होती. मी टोरांटोला निघालेली, परत कधी येणार याचा नेम नाही, आणि माझी आई, म्हणजे अव्वा, मला विचारत होती, "हिरवं बटण आधी दाबायचं का पासवर्ड आधी?" तिच्या हातात शंभरपानी वही. लॅपटॉप कसा सुरू करायचा ते तिनं त्यात लिहून घेतलेलं. मी वैतागून म्हटलं, "अगं अप्पांना सगळं दाखवलंय, तू नुसती समोर बस." तर म्हणाली, "अप्पा दुकानात गेल्यावर मी काय करू? माझं मला बघाय यायला पायजे." शेवटची दहा मिनिटं आम्ही मायलेकींनी अशी भांडण्यात घालवली. बस सुटली तरी ती खिडकीखाली बोट वर करून काहीतरी विचारतच होती.

साल दोन हजार सात. नवरा आधीच तिकडं गेला होता. अव्वाची किडनी तेव्हाच कुरकुरत होती, विमान काही तिला झेपणारं नव्हतं. ती मला रोज डोळ्यांनी दिसावी, एवढ्याचसाठी तो लॅपटॉप घेतला होता.

तो घ्यायला माझे वडील, अप्पा, आणि मी कोल्हापूरला गेलो होतो. दुकानदार म्हणाला, "पावणं, डेस्कटॉप घ्या की, निम्म्यात पडंल." अप्पा म्हणाले, "आणि लाईट गेल्यावर काय त्याची आरती करू?" तेव्हा आमच्याकडं भारनियमन म्हणजे रोजचंच. बॅटरीवर चालणारं हवं, आणि नवं परवडत नव्हतं, म्हणून वापरलेला लॅपटॉप बघायचा ठरलं. अप्पांचं भांड्यांचं दुकान. घागर असो की तांब्या, बोटाच्या पेराने टिचकी मारून, कान लावून पारखायची सवय. त्यांनी लॅपटॉपच्या झाकणालाही टिचकी मारली आणि तोंड वाकडं केलं. "आवाज बद्द येतोय." दुकानदार हसून म्हणाला, "काका, प्लॅस्टिक हाय ते!" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आज, इतक्या लांब, ती टिचकी त्यांच्या शेजारी उभं राहून ऐकायला मिळावी म्हणून मी काय वाट्टेल ते देईन.

मी मात्र शहाणी. चार्जर काढायला लावून बॅटरी किती टिकते ते तासभर बसून बघितलं. कूलिंग फॅन आणि भारीतली बॅग नको म्हटलं. माऊस घेतला, कारण अव्वाचं बोट टचपॅडवर ठरेना. अप्पांना कमी ऐकू येतं म्हणून हेडफोन. घरात पिठाचे हात सगळीकडं लागणार म्हणून कीबोर्डवरचं पातळ कव्हर. राहिला वेबकॅम, चिमटा लावून स्क्रीनच्या वर बसवायचा. दोन होते, एक चांगला आणि एक स्वस्तातला. मी स्वस्तातला उचलला. म्हटलं, चेहरा दिसला म्हणजे झालं.

निघण्याआधी घरात लावून बघितला तेव्हा दिसत होतं बरं. टोरांटोच्या बेसमेंटमधून पहिला कॉल लावला, तर नुसतं पांढरं धुकं! त्या धुक्यात लुगड्याचा रंग हलायचा, बाकी काही नाही. माझी शिफ्ट संपून संध्याकाळ झालेली असायची आणि त्यांच्याकडं सकाळ. अव्वाचा आवाज मात्र खणखणीत. "मला तू दिसतीस की गिरजा! वाळलीयास. क्यास का कापलंस गं?"

"अव्वा, मला तू दिसत नाहीस. ते वरचं गोल पूस बघू."

"पुसलंय बाई. रोज पुसती."

मागून अप्पा, "व्हय, माझ्यासमोर पुसती."

मला वाटायचं, स्वस्तात घेतलं, भोगा. एकदा तर मी ओरडलेच, तुम्हाला एक धड पुसायला जमत नाही का म्हणून. ती म्हणाली, "तू दिसतीस न्हवं मला, मग झालं की." मी म्हटलं, राहू दे, येताना इथून चांगला कॅमेरा आणते.

येणं काही झालं नाही. कायम राहण्याचे कागद अडकलेले, देश सोडता येईना. एक दिवाळी गेली, दुसरीही गेली. मी अव्वाला रोज विचारायची, "बरी आहेस ना?" रोज तेच उत्तर, "बरी हाय की." किडनीवाल्याची सूज डोळ्यांखाली आधी दिसते म्हणतात. चेहरा दिसला असता तर ती खोटं बोलतेय हे मला एका दिवसात कळलं असतं. अप्पांना तिनं शपथ घातली होती, पोरीला सांगायचं न्हाय.

ती गेली. कागदांचं मागाहून बघू म्हणून मी निघाले, पोचले चौथ्या दिवशी. मातीला मी नव्हते.

पाहुणे पांगल्यावर नवऱ्याला फोन लावायला म्हणून लॅपटॉप उघडला. तो म्हणाला, "तू दिसत नाहीस, सगळं पांढरं आहे." मी वर वाकून बघितलं. कॅमेऱ्याच्या काचेवरून आडवी, तीन बोटांची विभूती ओढलेली होती. वाळून तिचा पापुद्रा झालेला.

अप्पा दारात उभे होते. म्हणाले, "तिचीच हाय. अंघोळ, पूजा, मग फडक्यानं ते पुसायची आणि विभूती लावायची. आपण तराजूला लावतो, शिलाई मशीनला लावतो, त्यातलंच म्हणून मीबी काय बोललो न्हाय. ती म्हणायची, आधी गिरजाच्या कपाळाला लागू दे, मग बोलूया."

स्क्रीनमध्ये मी दिसायची, म्हणजे त्याच्या वरचं ते माझं कपाळ! दोन वर्षं ती रोज माझं कपाळ पुसत होती आणि मी तिच्यावर खेकसत होते. कोपऱ्यातल्या बारक्या चौकोनात आपण कसे दिसतो, हे त्या दोघांनी कधी बघितलंच नाही. बघत होते माझ्याकडं.

माझ्यासारख्या गेलेल्यांनो, आईबापांना यंत्रं जरूर घेऊन द्या. पण ती वापरताना त्यांच्याशेजारी दोन दिवस तरी बसा. बॅटरी बघायला मी तासभर बसले होते, अव्वाजवळ तेवढंही बसले नाही.

काच मी पुसली. पुसायलाच हवी होती, अप्पा आता एकटे आहेत. विभूतीचे हात मी माझ्या कपाळाला लावले.

कॅमेरा मुळात चांगला निघाला. टोरांटोला परतल्यापासून रोज माझ्या संध्याकाळी अप्पा समोर बसतात, दाढीचे पांढरे खुंटही मोजता येतील इतके स्पष्ट. मागं देवळी दिसते, शिलाई मशीन दिसतं, तिची रिकामी खुर्ची दिसते. जिला बघायचं होतं ती सोडून बाकी सगळं घर आता मला लख्ख दिसतं.