चौकटीतली माझी मिशी

मार्सेल माझा सख्खा धाकटा भाऊ. पेपरात रोज व्यंगचित्र काढतो, तोच. हात त्याचा, पण चेहरा माझा, हे आधीच सांगून ठेवतो.

मी सातवी पास, सांडोरला केळीची वाडी करतो. मार्सेल लहानपणी कोळशाने भिंती रंगवायचा. एकदा चर्चच्या भिंतीवर फादरनाच काढलं, पोटासकट. "कोणी काढलं हे?" फादर ओरडले. मी छाती पुढे काढून म्हटलं, "माझ्या भावाने!" मार त्याने खाल्ला, पण गावात त्याचं नाव कोणी केलं? मीच ना!

पुढे त्याची चित्रं चर्चच्या मासिकात आली, मग लग्नपत्रिकांवर, मग मुंबईच्या पेपरात. तिथे त्याने एक माणूस उभा केला. झुपकेदार मिशी, लुंगी, खांद्यावर केळीचा लोंगर. नळाला पाणी नाही, रस्त्यात खड्डा, की हा बोलणार. बाजारात मी रोजचं चित्र केळ्यांच्या टोपलीला टाचून बसायचो. शेजारी पाचूबंदरची मर्सी मासे विकते. ती म्हणायची, "पास्कलदादा, आज लय बोललास पेपरात!"

"बोलनारच!"

एकदा नगरसेवकाचा माणूस जाब विचारायला आला, तर मी न बोललेलंही माझंच म्हणून सांगितलं. विचारलं असतं तर बोललोच असतो की.

गेल्या महिन्यात पेपरात नवा संपादक आला. मार्सेलला म्हणाला, "आपले वाचक आता फ्लॅटमध्ये राहतात. लुंगीवाला पुरे. पँटवाला दे, मिशी नको. परवापर्यंत जमलं तर ठीक, नाहीतर चौकट बंद."

मार्सेल माझ्या ओट्यावर बसून कागदावर कागद फाडत होता. काढलेला प्रत्येक माणूस कपड्याच्या दुकानातल्या पुतळ्यासारखा.

"जमत नाय रे दादा. तुला बघितल्याशिवाय माझा हात चालत नाय."

"मग बघ की! मी काय पळून चाललोय?"

"तुला मिशी आहे."

आमच्या बापाची मिशी, आजाची मिशी, तीच माझी. मी उठलो आणि नाक्यावरच्या सलूनात जाऊन बसलो. न्हाव्याने दोनदा विचारलं, "नक्की ना?" परत येऊन लग्नातली पँट चढवली. बटण लागलं नाही.

माझी बायको लिली दारात आली. "कोण पायजे आपल्याला?"

मार्सेल हसून हसून लोळला. मग एकदम उठून बसला, पेन्सिल उचलली. "हलू नको."

मी पोट आत घेतलं, तर खेकसला, "पोट सोड, दादा! पोटातच तर सगळं आहे."

संध्याकाळी चित्र पाठवलं. संपादकाकडून ना 'हो' आलं, ना 'नाही'. मार्सेलला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर आला. चौकटीत फ्लॅटची गॅलरी. गुळगुळीत तोंडाचा पँटवाला, बटण उघडं, हातात रिकामी बादली. मागे दोरीवर कपडे वाळत घातलेले, आणि मधोमध दोन चिमट्यांनी टांगलेली माझी मिशी.

मी चित्र टोपलीला टाचलं. मर्सीने ते बघितलं, मग माझं तोंड बघितलं.

"पास्कलदादा, फ्लॅट कदी घेतलास?"

"आजच," मी म्हटलं.